कर्नाळ्याच्या जंगलातली पहिली सकाळ: पक्षी पाहायला निघालेल्या नवख्यांसाठी

पनवेल सोडून पेणच्या दिशेने निघालं की बाराएक किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्ग एका जंगलातून जातो. हेच कर्नाळा पक्षी अभयारण्य. १९६८ साली ते जाहीर झालं, २००३ मध्ये त्याची हद्द वाढवली, तरी आजही त्याचं क्षेत्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा या अभयारण्याच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. लोकल आणि एसटीने गाठता येणारं, ऐन, किंजळ, साग, कुंभा, उंबर अशा झाडांचं आणि मधूनमधून ओढे असलेलं असं रान मुंबई-पुण्याच्या माणसाला शिकण्यासाठी फार सोयीचं आहे.

पण जंगलातलं पक्षीनिरीक्षण तळ्याकाठच्यासारखं नसतं. उरणच्या किंवा भिगवणच्या पाण्यावर पक्षी समोर उघडे बसलेले असतात. इथे ते पानाआड असतात, डोक्यावर वीस मीटर उंच असतात किंवा पायाशी पाचोळ्यात असतात. म्हणून कर्नाळ्यात पहिल्यांदा येणारा बहुतेक जण चार तास चालतो, बुलबुल आणि कावळे पाहतो आणि ‘इथे काही नाही’ म्हणत परततो. पक्षी असतात, पण तो त्यांच्या शेजारून चालत गेलेला असतो. पुढचं सगळं वाचून विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा: तीन तासांत एक किलोमीटर. त्याहून जास्त चाललात तर तुम्ही घाई केलीत.

याच कारणासाठी पहिल्या खेपेला कर्नाळा किल्ला चढू नका. सुळक्यापर्यंतच्या चढाने दम लागतो, नजर पायाकडे राहते आणि कानात स्वतःचाच श्वास ऐकू येतो. किल्ला करायचा तर वेगळा दिवस काढा.

कधी जायचं

सुरुवातीला सगळ्यात चांगला काळ म्हणजे जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. पानगळ सुरू झालेली असल्याने फांद्या उघड्या दिसतात, हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात आणि पांगारा, काटेसावर, पळस ही झाडं फुलावर असतात. ऑक्टोबरमध्ये पाहुणे यायला लागलेले असतात, पण झाडी दाट असते आणि उकाडा फार. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ ही चितमपल्लींची जन्मतारीख, १२ ही सालिम अलींची. त्या आठवड्यात जाणकारांसोबतच्या फेऱ्या बऱ्याच ठिकाणी होतात. पहिली फेरी अशा कोणाबरोबर करता आली तर जरूर करा. शेजारी उभं राहून कोणी बोट दाखवलं की महिन्याभराचं शिकणं एका सकाळी होतं.

एप्रिल-मे तापदायक असतात, पण त्या दिवसांत पाणवठ्याशी बसून राहणाऱ्याला खूप मिळतं. पावसाळा नवख्यांनी टाळावा. वाटा निसरड्या असतात, ओढे अचानक चढतात, दुर्बिणीच्या काचांवर वाफ धरते. तिबोटी खंड्या दिसतो तो याच दिवसांत, हे खरं. त्याबद्दल शेवटी.

वार शक्यतो कामाचा निवडा. रविवारी नऊनंतर सहलींच्या बस येऊ लागतात आणि फाटकाजवळच्या सपाटीवर गोंगाट होतो. रविवारच जमत असेल तर फाटक उघडायलाच तिथे हजर राहा. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क बदलत असतं, आदल्या आठवड्यात वनविभागाकडे विचारून घ्या. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, मेमध्ये सहाच्या आसपास. उजाडल्यापासूनचे पहिले अडीच-तीन तास खरे कामाचे.

आदल्या दिवशी करायची कामं

दुर्बीण विकत घ्यायची घाई नको, पहिल्या खेपेला उसनी चालेल. पण आकडे समजून घ्या. ८x४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तितक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात जातो. जंगलात सकाळी उजेड कमी असतो म्हणून हा आकडा पाचच्या आसपास असलेला बरा. ८x३२ हलकी असते आणि चालते, फक्त दाट सावलीत जरा अंधारी वाटते. १०x५० घेऊ नका. ती जड असते, हात थरथरले की चित्रही थरथरतं आणि तिच्यातून दिसणारा भाग अरुंद असल्यामुळे फांद्यांच्या गुंत्यात पक्षी सापडतच नाही. जंगलासाठी आणखी एक गोष्ट तपासा: दोन-तीन मीटरवरची वस्तू तिच्यातून स्पष्ट दिसते का? पाचोळ्यातले पक्षी कधीकधी इतके जवळ येतात.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेणं हे घरीच करायचं काम आहे. जंगलात ते करत बसलात तर पक्षी निघून जातो. आधी आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कड्या, बघा: चष्मा असेल तर ते खाली दाबून किंवा फिरवून आत घ्या, नसेल तर बाहेर काढा. मग दोन्ही नळ्या मधल्या बिजागरीवर इतक्या जवळ-दूर करा की दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेल. आता खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा एखादा फलक निवडा. उजव्या नळीवर हात ठेवून ती झाका आणि मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला अक्षरं रेखीव करा. मग डावी नळी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याशी असलेली डायॉप्टरची कडी फिरवून तीच अक्षरं उजव्या डोळ्याला रेखीव करा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडे असते. ती ज्या खुणेवर थांबली ती लक्षात ठेवा. यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक फिरवायचं. डोळ्यासमोर काळ्या चंद्रकोरी येत असतील तर आयकप किंवा बिजागरी चुकली आहे. थोड्या वेळाने डोकं दुखू लागलं तर बहुधा डायॉप्टर चुकलेला असतो.

मग गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात अर्धा तास सराव करा. कावळा दिसला की त्याच्यावर नजर रोखा, नजर जराही न हलवता दुर्बीण वर आणून डोळ्याला लावा. नवखा माणूस आधी दुर्बिणीकडे बघतो, मग ती डोळ्याला लावतो आणि मग पक्षी शोधत फिरतो. मोकळ्या आकाशात ही सवय चालून जाते, जंगलात नाही. उडता कावळा पाच वेळा बिनचूक पकडता आला की तुम्ही तयार.

कपडे मेंदी, खाकी, तपकिरी, मळखाऊ रंगाचे. पांढरा आणि भडक लाल-पिवळा नको. बाह्या आणि पँट पूर्ण लांबीच्या, कारण डास असतात आणि पावसाळ्यानंतर गवतात गोचीड असतात. बूट पकड असलेले आणि पायात मुरलेले, नवे कोरे नकोत. पाणी दीड-दोन लिटर, शक्यतो स्टीलच्या बाटलीत. फाटकावर प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद करून अनामत घेतली जाते, तेव्हा प्लास्टिक जितकं कमी तितका तिथला वेळ वाचतो. खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिल घ्या. शाईच्या पेनाने लिहिलेलं दवाने पसरतं. अत्तर, सेंट काही लावू नका. किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात.

पोचताना

हार्बरची पहिली गाडी पकडून पनवेल, तिथून पेण-अलिबागकडे जाणारी एसटी. बसण्याआधी कंडक्टरला ‘कर्नाळा अभयारण्याला थांबणार का’ हे विचारा. सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि विनाथांबा गाडीत बसलात तर थेट पेणला उतराल. महामार्ग ओलांडताना फार जपून, अवजड वाहनं वेगात असतात.

फाटकाजवळ माकडं असतात आणि पिशवीचा आवाज ओळखतात. खाणं हातात किंवा कॅरीबॅगमध्ये धरू नका, सॅकमध्ये तळाशी ठेवा. त्यांना काही देऊ नका. एकाला दिलेल्या बिस्किटाची किंमत मागून येणाऱ्या लहान पोरांना मोजावी लागते.

गट चार-पाच जणांचा पुरे. त्याहून मोठा असेल तर दोन तुकड्या करा आणि पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. फोन मूक करा.

पहिली वीस मिनिटं: फाटकाजवळच

तिकीट काढलं की लगेच आत सुटू नका. फाटकाच्या आसपासची जागा जरा मोकळी आहे. ऊन आधी उंच झाडांच्या शेंड्यांवर पडतं आणि रात्रभर गारठलेले पक्षी तिथे येऊन बसतात. निष्पर्ण शेंडा दिसला की तो दुर्बिणीने सावकाश पाहा. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, अशा शेंड्यांवर सकाळी पाच-दहाच्या थव्याने ऊन खात बसतो. पिवळे पाय, पिवळसर छाती, राखी डोकं. हाच थवा तासाभराने उंबरात शिरला की तुमच्या डोक्यावर असूनही दिसणार नाही, कारण पाहणारा दिसला की हरियाल हालचाल थांबवतो. तेव्हा पक्षी शोधू नका. खाली टपटपणारी फळं बघा आणि ती जिथून पडतात त्या फांदीवर दुर्बीण धरून वाट पाहा.

इथेच तांबट ऐकू येईल. टुक्, टुक्, टुक्, मिनिटाला शंभराच्या आसपास, न थांबता. आवाजाचा माग काढताना नवखा गोंधळतो, कारण आवाज कधी डावीकडून येतो तर कधी उजवीकडून. पक्षी जागचा हललेला नसतो. तो चोच मिटूनच आवाज काढतो, गळा फुगवतो आणि प्रत्येक एक-दोन टुकांनी मान वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशा बदलते. दोन ठिकाणी उभं राहून ऐका, जिथे दोन्ही दिशा मिळतात त्या झाडाच्या सुक्या शेंड्यावर बघा. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल ठिपका, पिवळा गळा. हा एक पक्षी असा शोधून काढलात की कानाने शोधण्याची रीत हाताला लागते.

आत शिरल्यावर

कर्नाळ्यात हरियाल नावाची छोटी, सोपी निसर्गवाट आहे आणि मोरटाका नावाची लांब वाट आहे. पहिल्या सकाळी छोटी घ्या. महामार्गावरच्या ट्रकचा आवाज आत गेल्यावर हळूहळू मागे पडतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून थांबण्याच्या जागा वळणाआड किंवा ओढ्याच्या खोलगट भागात निवडा, तिथे कानाला काम करता येतं.

चालायचं ते असं: वीस-पंचवीस पावलं सावकाश, मग पाच मिनिटं स्तब्ध. थांबताना झाडाच्या खोडाला पाठ लावून उभे राहा, म्हणजे तुमची उभी आकृती मोडते. पहिलं मिनिट फक्त ऐका. मग तीन थर एकेक करून बघा: जमीन आणि झुडपं, मधल्या फांद्या, शेंडे. पक्षी शोधू नका, हललेलं पान शोधा. वारा असेल तर सगळी पानं एकत्र हलतात, पक्षी असेल तर एकच डहाळी झुलते आणि मग शेजारची.

पाचोळ्याचे आवाज वेगळे करायला शिका. सलग खसखस होत पुढे गेली तर सापसुरळी किंवा सरडा. एक खर्रकन आवाज, मग शांतता, पुन्हा एक आवाज असं असेल तर कस्तुर पानं उलटून किडे शोधतोय. नारिंगी डोक्याचा कस्तुर ओढ्याजवळच्या सावलीत असाच सापडतो, गालावर दोन गडद उभे पट्टे असलेला. पाचसहा ठिकाणांहून एकदम कालवा झाला तर सातभाई. आवाज आला की त्या दिशेने जाऊ नका. खाली बसा. बसलेल्या माणसाकडे जमिनीवरचे पक्षी बरेचदा आपणहून सरकतात.

दोन-तीन मीटर उंचीच्या आडव्या फांदीवर ताठ बसलेला, चिमणीएवढा, वरून निळा आणि छातीला नारिंगी पक्षी दिसला तर तो टिकेलचा निळा माशीमार. तो उडून किडा पकडतो आणि बहुधा त्याच फांदीवर किंवा शेजारच्या फांदीवर परत येतो, तेव्हा उडाला म्हणून दुर्बीण खाली घेऊ नका. झाडाच्या फांदीवर मुंग्यांचं काळपट, गोळ्यासारखं घरटं दिसलं तर त्याला गोल भोक आहे का ते बघा. तांबूस सुतार आपलं घरटं मुंग्यांच्या अशाच घरट्यात कोरतो. भोक असेल तर लांबून पाहून पुढे जा.

मिश्र थवा

साधारण साडेआठनंतर ऊन मधल्या फांद्यांवर उतरतं, किडे हलू लागतात आणि जंगल बदलतं. दहा-पंधरा मिनिटं एकही पक्षी नसतो आणि मग अचानक समोरची चार झाडं भरून जातात. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र फिरत अन्न शोधतात, तो हा मिश्र थवा. एकाच्या हालचालीने उठलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि धोका पाहायला जास्त डोळे असतात, म्हणून ते एकत्र येतात. शेंड्यावर निखार, त्याखाली सुभग आणि पर्णपक्षी, खोडावर बदामासारखे काळे ठिपके असलेला छोटा सुतार, मधल्या फांद्यांत स्वर्गीय नर्तक, झुडपात सातभाईंच्या जाती, आणि या सगळ्यांच्या मागे भृंगराज.

नवख्याची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. वीस पक्षी एकदम दिसले की दुर्बीण याच्यावरून त्याच्यावर उड्या मारते आणि पाच मिनिटांनी थवा गेला तेव्हा एकही नीट पाहिलेला नसतो. म्हणून शिस्त अशी: पहिलं अर्धं मिनिट दुर्बीण लावूच नका, थवा कोणत्या दिशेने सरकतोय ते पाहा. मग त्याच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर, वाटेवरच, उभे राहा आणि त्याला तुमच्याकडे येऊ द्या. मग एक पक्षी निवडा. चोच, डोकं, पंख, शेपूट, पोट या क्रमाने तो पाहून संपवा आणि नंतरच दुसरा. सकाळभरात असे पाच पक्षी नीट पाहिले तरी फेरी सार्थकी लागली. सोबत्याला जागा सांगताना ‘तिथे, तिथे’ म्हणत बोट नाचवू नका. हाताची हालचाल पक्ष्याला आधी दिसते. झाड घड्याळाची तबकडी समजा: ‘जाड खोडाचा ऐन, दोन वाजता, फांदी फुटते त्याच्या थोडं वर’ असं खालच्या आवाजात सांगा.

कोतवालांबद्दल एक खूण ध्यानात असू द्या. शेतात, तारेवर दिसणारा काळा कोतवाल मोकळ्या जागेचा पक्षी आहे, दाट जंगलात तो सहसा नसतो. जंगलातला चमकदार, लहानसर काळा कोतवाल बहुधा ताम्र कोतवाल असतो. हिवाळ्यात राखी अंगाचा आणि लाल डोळ्यांचा दिसला तर राखी कोतवाल. भृंगराजाच्या शेपटीची दोन लांब पिसं आणि त्यांच्या टोकाची पाती सगळ्यांना ठाऊक असतात, पण ती पिसं गळूनही पडतात. तेव्हा चोचीच्या मुळाशी असलेला झुबकेदार तुरा बघा. तसंच, तपकिरी अंगाचा, काळ्या डोक्याचा, तुरेवाला पक्षी पाहून ‘बुलबुल’ म्हणून सोडू नका. ती स्वर्गीय नर्तकाची मादी किंवा कोवळा नर असू शकतो. लांब शुभ्र शेपटीचा नर सगळ्यांना हवा असतो, पण तांबूस शेपटीचे नरही असतात.

आवाजावर मात्र आंधळा विश्वास नको. भृंगराज आणि पर्णपक्षी दोघेही पट्टीचे नकलाकार आहेत. शिक्र्याचा आवाज आला आणि शिक्रा दिसला नाही, तर आधी पर्णपक्ष्यावर संशय घ्या. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, इथल्या पक्ष्यांची माहिती आधी फोनमध्ये उतरवून घेतली तर विनानेटवर्कही चालतं. पण नकलाकारांपुढे तेही फसतं. ॲपने सुचवलं म्हणजे पाहिलं असं नव्हे. डोळ्याने खात्री होईपर्यंत ते नाव यादीत घालू नका.

आणखी एक कामाचा आवाज: लहान पक्षी एका जागी जमून सारखे चिरकत, पंख फडफडवत असतील तर तिथे त्यांचा वैरी बसलेला असतो. बरेचदा रानपिंगळा, कधी साप. झुडपात हात न घालता, लांबूनच शोधा.

वहीत काय लिहायचं

ओळखीचं पुस्तक किंवा फोन पक्षी उडून गेल्यावरच उघडा. पक्षी समोर असताना पान चाळणं म्हणजे समोरची माहिती सोडून देणं. आधी वहीत लिहा: आकार कोणाएवढा (चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार हे पाच माप पुरतात), चोच जाड की बारीक, शेपूट लांब की आखूड, कुठल्या उंचीवर होता, काय करत होता, आणि मग रंग. रंग शेवटी, कारण सावलीत ते फसवतात. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तर हिरवा पक्षीही काळा दिसतो. पाच रेघांचं वेडंवाकडं चित्र काढून त्यावर बाण मारून खुणा लिहिल्या तर उत्तम.

हिवाळ्यात शेंड्यांवर सतत हलणारे हिरवट-राखी वटवटे पुष्कळ असतात. पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नका, ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असं लिहा आणि पुढे चला. अनुभवी मंडळीही हेच करतात.

फुललेलं झाड आणि दहानंतरचं आकाश

वाटेत फुललेला पांगारा किंवा काटेसावर किंवा पिकल्या फळांनी लगडलेलं उंबर मिळालं तर उरलेली वाट विसरून तिथेच अर्धा-पाऊण तास थांबा. सूर्य पाठीशी येईल आणि झाड डोक्यावर नव्हे तर वीसेक मीटर समोर राहील अशी जागा घ्या. थेट झाडाखाली उभं राहिल्यास मान अवघडते आणि फक्त पोटं दिसतात. पांगाऱ्यावर मध प्यायला भृंगराज, पर्णपक्षी, शिंजीर, मैना येतात. उंबरावर कुटुरगे, हळद्या, कोकीळ, हरियाल. एका झाडाची यादी अख्ख्या वाटेच्या यादीहून मोठी होते, असं वारंवार घडतं.

दहानंतर जंगल शांत होतं, पण वर ऊबदार हवा उठू लागते. तेव्हा मोकळी जागा गाठून आकाश पाहा. रुंद पंखांखाली काठाकाठाने जाणारा जाड पांढरा पट्टा आणि लांब, चढत्या शिट्टीसारखी हाक म्हणजे सर्पगरुड. साडेदहा-अकरापर्यंत हे पाहून झालं की परतायला लागा. त्यानंतर उन्हात हिंडून शीण तेवढा वाढतो.

काय बिघडतं

डिसेंबर ते मार्च वाटेकडेच्या वेलींवर सोनेरी-तपकिरी, मखमली शेंगा दिसतात. त्या खाजकुयलीच्या. फोटोसाठी वेल बाजूला सारली किंवा शेंगेला बाही घासली की असह्य खाज सुटते. चोळू नका, चोळल्याने कुसं आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा. एक छोटी चिकटपट्टी सॅकमध्ये असू द्या.

पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस झुडपांवर हिरवा चापडा असतो. तो विषारी आहे आणि पानांत मिसळून जातो. फांदी धरण्याआधी, दगडावर हात टेकण्याआधी बघायची सवय लावा. मधमाश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. चेहरा आणि मान कपड्याने झाका आणि उताराच्या दिशेने, झाडीतून, जितकं लांब जाता येईल तितकं जा.

वाट सोडू नका. हे अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथे लागू आहे. वन्यप्राण्यांना त्रास देणं, आग लावणं, कचरा टाकणं हे गुन्हे आहेत.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावणं अजिबात नको. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला, आणि तो खाणं किंवा पिल्लांना भरवणं सोडून भांडायला येतो. दिवसात दहा गटांनी दहा वेळा हे केलं तर त्या पक्ष्याचा दिवस वाया जातो.

तिबोटी खंड्या आणि घरटी

चिमणीहूनही लहान, जांभळ्या-नारिंगी-पिवळ्या रंगाचा, लाल चोचीचा हा खंड्या पावसाच्या तोंडावर कोकणातल्या रानात येतो आणि ओढ्याकाठच्या किंवा वाटेकडेच्या मातीच्या उभ्या कडेत बोगदा कोरून अंडी घालतो. पिल्लांना तो सापसुरळ्या, पाली, छोटे खेकडे, बेडूक आणून भरवतो. त्याचं सौंदर्यच त्याच्या मुळावर उठतं. एका बोगद्यासमोर छायाचित्रकारांची रांग लागते आणि पिल्लं उपाशी राहतात.

आपल्यामुळे पक्षी घाबरलाय हे कसं ओळखायचं ते प्रत्येकाने शिकलंच पाहिजे. चोचीत भक्ष्य धरून पक्षी फांदीवर आला आणि आत न जाता तिथेच बसला, मान वरखाली करू लागला, फांदी बदलू लागला, तर तो तुम्हाला घाबरतोय. तुम्ही फार जवळ आहात. त्याच क्षणी मागे फिरा, फोटो मिळाला असो वा नसो. ‘थोडं थांबलो की सवय होईल’ हा विचार चुकीचा आहे. तुम्ही थांबता तितका वेळ पिल्लांचा घास बाहेर असतो. घरट्यासमोरची डहाळी किंवा गवत कधीही बाजूला करू नका. त्या आडोशावरच घरटं लपलेलं असतं आणि तो गेला की साप, माकड, कावळा यांना वाट मोकळी होते. हे दयाळ, नर्तक, नवरंग, सगळ्यांच्या घरट्यांना लागू आहे. चुकून घरटं दिसलंच तर क्षणभरही न रेंगाळता पुढे जा.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा: सुरुवातीची वेळ, एकूण मिनिटं, चाललेलं अंतर, ओळखलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या. साळुंकी, कावळा, बुलबुल वगळू नका. नेहमीच्या पक्ष्यांची संख्या कमी होतेय का हे अशाच याद्यांवरून कळतं. ओळखू न आलेले पक्षी अंदाजाने भरू नका. आणि घरट्याची जागा यादीत, टिपणीत, व्हॉट्सॲपच्या गटावर, फोटोच्या मागे दिसणाऱ्या पाटीतून, कुठूनही बाहेर जाणार नाही याची खात्री करूनच ‘सबमिट’ दाबा.